वाचक विचारतात : सहकारी गेल्यावर बालगृहात काय करावे?

या महिन्यात आलेली पाच पत्रे एकाच विषयाची आहेत. मुलांसाठी वर्षानुवर्षे खपलेली, सगळ्यांना हवीहवीशी वाटणारी सहकारी गेली आणि मागे राहिलेल्यांना तिची आठवण नीट जपायची आहे. अशा वेळी मोठ्यांची धावपळ बहुधा हार, फ्लेक्स आणि भाषणांकडे वळते, आणि जिच्या अंगाखांद्यावर मुले वाढली तिच्याबद्दल मुलांनाच कुणी काही सांगत नाही. म्हणून पहिले उत्तर सर्वांत लांब आहे.

प्रश्न : आमच्या परिविक्षा अधिकारी (मुलींची चौकशी आणि कागदपत्रांचे काम पाहणाऱ्या) ताई हृदयविकाराने अचानक गेल्या. गृहात सहा ते सतरा वयाच्या मुली आहेत. दोन दिवस आम्ही ‘ताई गावाला गेल्यात’ असेच सांगितले. आता खरे कसे सांगावे? (अधीक्षक, मुलींचे बालगृह)

आजच सांगा. मोठ्या मुलींना शाळेतून किंवा कुणाच्या तरी मोबाइलवरून कळलेच असेल, आणि त्या तुमच्यासमोर माहीत नसल्यासारखे वागत असतील. ‘गावाला गेल्यात’ हे वाक्य बालगृहात विशेष घातक ठरते. तुमच्याकडच्या काही मुलींना आईबद्दल किंवा वडिलांबद्दल अगदी हेच सांगितले गेले होते आणि ती माणसे परत आलीच नाहीत.

सांगणारी व्यक्ती रोजच्या वावरातली हवी, म्हणजे काळजीवाहक किंवा तुम्ही स्वतः. संस्थेचे विश्वस्त किंवा बाहेरून बोलावलेले वक्ते नकोत. दोघींनी मिळून बसावे. एकीने बोलावे आणि दुसरीने चेहऱ्यांकडे लक्ष द्यावे. एखादी मुलगी उठून गेली तर तिच्यामागे जायचे कामही दुसरीचेच. सगळ्या मुलींना प्रार्थनेच्या रांगेत उभे करून सांगू नका. आठ-दहा जणींचे वयाप्रमाणे गट करा. त्याआधी, ताईंशी सर्वांत जवळच्या असलेल्या दोन-तीन मुलींना एकेकीला बाजूला घेऊन सांगा. वेळ दुपारची किंवा संध्याकाळी चारपाचची ठेवा. रात्री दिवे मालवायच्या आधी ही बातमी नको. परीक्षा संपेपर्यंत थांबण्यातही अर्थ नाही, कारण बातमी थांबत नाही.

वाक्ये छोटी असावीत आणि त्यांत ‘वारल्या’ किंवा ‘मृत्यू झाला’ हा शब्द यायलाच हवा. उदाहरणार्थ : ‘मला एक वाईट बातमी सांगायची आहे. आपल्या ताई परवा सकाळी वारल्या. त्यांचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण त्यांना वाचवता आलं नाही. त्या आता परत येणार नाहीत. दोन दिवस आम्ही तुम्हाला खोटं सांगितलं. आम्हाला सांगायला जमत नव्हतं. ते आमचं चुकलं.’ एवढे बोलून गप्प बसा. ही शांतता भरून काढायची घाई करू नका.

‘झोपल्या’ म्हटले की लहान मुले झोपायला घाबरतात. ‘देवाला चांगली माणसं आवडतात’ हे ऐकून एखादी मुलगी मुद्दाम वाईट वागू लागते. नुसते ‘आजारी होत्या’ म्हटले तर पुढच्या वेळी स्वयंपाकाच्या मावशींना ताप आला तरी सगळ्या धास्तावतात, म्हणून आजाराचे नाव घ्या. मृत्यू आत्महत्येने झाला असेल तर तेही एका वाक्यात खरे सांगावे. कशी केली, याचे वर्णन मात्र मुळीच करू नये.

साधारण पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना मृत्यू कायमचा असतो हे उमगत नाही. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘ताई कधी येणार?’ असे विचारतील आणि तेच उत्तर तेवढ्याच शांतपणे पुन्हा द्यावे लागेल. सात-आठ वर्षांच्या मुलींना बऱ्याचदा ‘मी त्यांना त्रास दिला म्हणून का?’ असे वाटते. कुणी विचारले नाही तरी ‘यात कुणाचीही चूक नाही’ हे आपण होऊन सांगा. मोठ्या मुलींचा प्रश्न बहुतेक वेळा वेगळाच असतो : ‘माझी समितीची तारीख आता कोण बघणार? दिवाळीला घरी सोडायचं ताईंनी ठरवलं होतं, त्याचं काय?’ (समिती म्हणजे मुलांच्या राहण्याचा, घरी सोडण्याचा निर्णय देणारी बालकल्याण समिती.) हा स्वार्थ नव्हे. या मुलींचा आधार म्हणजे तारखा, कागद आणि दिलेले शब्द, आणि ते ज्यांच्या हातात होते त्याच गेल्या. म्हणून सांगायला बसण्याआधीच कोणती मुलगी आता कुणाकडे हे ठरवून घ्या आणि नाव घेऊन सांगा. ‘आम्ही सगळे आहोत ना’ या वाक्याने कुणाचे समाधान होत नाही.

कुणी हसेल, कुणी लगेच लगोरी खेळायला जाईल. त्यावर ‘तुला काहीच वाटत नाही का?’ असे विचारू नका. लहान मुले दुःख थोडे थोडे, मध्ये खेळत पेलतात.

अंत्यदर्शन होऊन गेले असेल तर तो प्रश्न तुमच्यापुरता मिटला. इतर गृहांसाठी सांगतो. जायचे की नाही हे मुलीने ठरवावे. तिथे काय दिसेल ते आधी सांगावे : अंग थंड आणि ताठ असेल, नाकात कापूस असेल, मोठी माणसे मोठ्याने रडतील. दोन-तीन मुलींमागे एक ओळखीची मोठी व्यक्ती हवी आणि वाटेल तेव्हा बाहेर पडता यायला हवे. ज्या मुलीचा खटला चालू आहे किंवा जिच्या घरच्यांपासून तिला धोका आहे, तिला गर्दीत नेऊ नये. तिच्यासाठी गृहातच फोटोसमोर फूल वाहण्याची सोय करा.

पुढचे दोन आठवडे रात्रीच्या पाळीला एक जास्तीची काळजीवाहक ठेवा. अंथरूण ओले करणे, बिलगून राहणे, विनाकारण मारामारी, पोटदुखी हे सगळे दिसेल. चादर गाजावाजा न करता बदलावी. ताईंची खुर्ची, चपला, चहाचा कप रातोरात हलवू नका. दहा-पंधरा दिवसांनी, ‘उद्या आपण ही खुर्ची आत ठेवणार आहोत’ असे आधी सांगून हलवा. एखादी मुलगी काही दिवस जेवतच नसेल, स्वतःला इजा करत असेल किंवा ‘मलाही ताईंकडे जायचंय’ म्हणत असेल, तर वाट न पाहता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रीही बोलता येते. महिन्याभराने बहुतेकींची घडी बसते. जिची बसत नाही, तिच्यासाठी मागे झालेली एखादी ताटातूट या मृत्यूने पुन्हा उघडी केलेली असते, आणि समुपदेशकाने तिथून सुरुवात करावी.

झाड लावावे का, असेही विचारले आहे. लावा, पण ‘ताई आता या झाडात आहेत’ असे सांगू नका. रोप जगले नाही तर सात वर्षांच्या मुलीला तो दुसरा मृत्यू वाटतो. पावसाळ्यात लावा, पुरुषभर उंचीचे कडुलिंबासारखे चिवट रोप घ्या आणि उन्हाळ्यात पाणी कुणी घालायचे ते लिहून ठेवा.

प्रश्न : ताईंच्या आठवणींची स्मरणिका काढतोय. त्यांनी सांभाळलेल्या मुलांचे फोटो आणि गोष्टी छापता येतील का? डोळ्यांवर काळी पट्टी मारली तर चालेल ना? (संस्थेचे सचिव)

नाही, पट्टीने भागत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या, कायद्याशी संघर्ष असलेल्या, अत्याचारग्रस्त किंवा साक्षीदार बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील छापता किंवा प्रसारित करता येत नाही. फोटोलाही तीच बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. चौकशी करणारी बालकल्याण समिती किंवा बाल न्याय मंडळ बालकाच्या हितासाठी, कारणे लेखी नोंदवून परवानगी देऊ शकते. स्मरणिका देखणी व्हावी हे बालकाचे हित नव्हे, त्यामुळे त्या वाटेने जाऊच नका. स्मरणिका खासगी आहे, फक्त दोनशे प्रती काढतोय, ही सबबही चालत नाही. ‘प्रसाराचे इतर कोणतेही माध्यम’ यात व्हॉट्सॲपचा गट आणि चौकातला फ्लेक्सही येतो.

कायदा बाजूला ठेवला तरी ओळख कशी फुटते ते पाहा. चेहरा झाकला, पण गणवेशावर शाळेचे बोधचिन्ह आहे. नाव बदलले, पण गाव, वर्ष आणि घटना तिन्ही खरी आहेत. यांतल्या कोणत्याही दोन खुणा एकत्र आल्या की त्या तालुक्यातला माणूस मूल ओळखतो. आमचा नियम असा : मुलाबद्दलची एकही खूण नको आणि ताईंच्या कामाबद्दल हवे तेवढे लिहा. ‘अमुक साली तमुक स्टेशनवर सापडलेल्या मुलीला ताईंनी आईकडे पोचवले’ असे लिहिले तर ती गोष्ट मुलीची होते, ताईंची नाही. त्याऐवजी हरवलेल्या मुलाचे घर त्या कसे शोधत, ते लिहा. चार-पाच वर्षांच्या मुलाला जिल्हा सांगता येत नाही. पण बाजार कोणत्या वारी भरतो, जत्रा कोणत्या देवीची, शाळेत जाताना नदी लागते की रेल्वेचे फाटक, आईला ‘आय’ म्हणतात की ‘माय’, हे त्याला पक्के ठाऊक असते. अशा प्रश्नांची ताईंची स्वतःची यादी असेलच. ती छापा. पुढच्या परिविक्षा अधिकाऱ्याला ती उपयोगी पडेल, आणि ताई कोण होत्या हेही त्या यादीतूनच कळेल.

गृहातून बाहेर पडून मोठी झालेली मुले स्वतःच्या नावाने लिहू शकतात. त्यांच्याकडून लेखी संमती घ्या, छपाईला जाण्याआधी अंतिम मजकूर दाखवा आणि तोपर्यंत माघार घेण्याची मुभा ठेवा. त्यांच्या लेखात भावंडांची किंवा खोलीतल्या मैत्रिणींची नावे आली असतील तर ती काढा. ‘माझी हरकत नाही’ हे ते फक्त स्वतःपुरते म्हणू शकतात. दत्तक गेलेल्या मुलांबद्दल काहीही छापू नका, ‘आता परदेशात सुखात आहे’ एवढेसुद्धा नको.

फोटो हवेच असतील तर ताईंचे हात, त्यांची वही, ओवाळणीचे ताट, भिंतीवरची चित्रे घ्या. चित्रांच्या कोपऱ्यात मुले नाव घालतात, ते तपासा.

प्रश्न : आमच्या अंगणवाडीताईंना सगळे ‘आमच्या अनुताई’ म्हणत. श्रद्धांजलीच्या भाषणात तसे म्हणावे का? भाषण किती मोठे असावे? (पर्यवेक्षिका, एकात्मिक बालविकास प्रकल्प)

म्हणायचे असेल तर कशासाठी म्हणता ते सांगून म्हणा. अनुताई वाघ (१९१०–१९९२) आणि ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांची नावे आदरापोटी घेतली जातात, पण त्यांनी नेमके काय केले ते वगळून. ताराबाईंनी १९२६ साली बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत नूतन बालशिक्षण संघ काढला आणि १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, म्हणून ती अंगणवाडी. पुढे १९५७ पासून डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर काम उभे राहिले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र असलेली विकासवाडी, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणावर भरणारी कुरणशाळा. विकतच्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे. सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली ती २ ऑक्टोबर १९७५ रोजी, म्हणजे या अंगणांनंतर कितीतरी वर्षांनी.

तुमच्या विषयाच्या सर्वांत जवळची गोष्ट त्यानंतरची आहे. १९७३ मध्ये ताराबाई गेल्या आणि अनुताईंनी पुढची जवळजवळ १९ वर्षे कोसबाडचे काम चालू ठेवले. आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्याचे यापेक्षा मोठे स्मरण आम्हाला माहीत नाही.

तेव्हा तुमच्या ताईंनी असे नेमके काय केले? मूल येत नसेल तर त्या घरी जात होत्या का? वजन करायला मूल रडते म्हणून आधी बाहुलीला काट्यात बसवत होत्या का? वजन दोन महिने वाढले नाही तर आईला रागावण्याऐवजी घरात दिवसभर मुलाजवळ कोण असते हे विचारत होत्या का? असे एक काम निवडा आणि ते पायरीपायरीने सांगा. ‘मातृहृदयी’, ‘आदर्श’, ‘अनाथांची माय’ ही विशेषणे काढून टाका. ती कुणालाही लागू पडतात.

भाषण तीन मिनिटांचे, म्हणजे लिहिलेले सुमारे ३०० ते ३५० शब्द. पाचच वक्ते ठेवा आणि त्यांत मदतनीस ताई, एक आई आणि एक शेजारची सेविका असू द्या. अधिकाऱ्यांनी शेवटी बोलावे. चौदा जण बोलले तर सभा दीड तासावर जाते आणि मुलांना अर्ध्या तासापेक्षा जास्त बसवत नाही. मुलांसाठी वेगळी, वीस मिनिटांची बैठक घ्या : ताई घेत ती दोन गाणी, त्या सांगत ती एक गोष्ट आणि रोजचाच खाऊ. तीन-चार वर्षांच्या मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकतात.

प्रश्न : त्यांच्या नावाने निधी उभारायचा आहे. नवा ट्रस्ट काढावा का? (सहकारी मित्रमंडळ)

काढू नका. नोंदणी, दरवर्षीचे लेखापरीक्षण, बदल-अहवाल यांतच दमून जाल. नोंदणीकृत आणि ८०-जीची (देणगीदाराला आयकरात सवलत देणारी) मान्यता असलेल्या एखाद्या संस्थेत वेगळ्या शीर्षाखाली निधी ठेवा आणि व्याज कशावर खर्च करायचे याचा ठराव लेखी करून घ्या. कुणा एकाच्या मोबाइल खात्यावर पैसे गोळा करणे टाळा. हेतू कितीही स्वच्छ असला तरी वर्षभरात हिशेबावरून मने दुखावतात. रोखीने २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी दिली तर दात्याला ८०-जीची सवलत मिळत नाही, म्हणून धनादेश किंवा बँकेद्वारेच घ्या.

रकमेचा अंदाज आधी बांधा. २ लाखांच्या ठेवीवर ७ टक्के दर धरला तर वर्षाला १४,००० रुपये मिळतील. त्यात पुरस्कार-समारंभ केला तर हॉल आणि शालीतच पैसे संपतात. आमचे मत विचाराल तर अठरा वर्षे पूर्ण होऊन गृहातून बाहेर पडणाऱ्या एका मुलीच्या खोलीची अनामत आणि कुकर, गादी, बादली यासाठी ते वापरा. त्या महिन्यात तिला हातात पैसे लागतात आणि नेमके तेव्हाच ते कुणाकडे नसतात.

प्रश्न : ताईंचे कपाट, वह्या आणि मोबाइल यांचे काय करायचे? घरच्यांना विचारायला संकोच वाटतो. (समुपदेशक)

संकोच समजतो, पण यातले काही काम तेराव्याची वाट पाहू शकत नाही. कपाट दोघांच्या उपस्थितीत उघडा, यादी करा आणि दोघांच्या सह्या घ्या. वैयक्तिक वस्तू वेगळ्या पिशवीत घालून घरच्यांकडे द्या. मुलांच्या फायली आणि वह्या मात्र घरी जाता कामा नयेत.

पहिल्या तीन दिवसांत एकच काम : तारखांची यादी. गृहचौकशी १५ दिवसांत आणि समितीचा अंतिम आदेश मूल प्रथम हजर केल्यापासून ४ महिन्यांत व्हायचा असतो. पालकांनी स्वतःहून सोपवलेल्या बाळासाठी त्यांना फेरविचाराचे ६० दिवस असतात. अनाथ किंवा सोडून दिलेले बाळ दत्तकासाठी मोकळे घोषित करायची मुदत दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी २ महिने, त्यापुढच्यासाठी ४ महिने आहे. यातली एक तारीख नजरेतून सुटली तर त्या बाळाचे घर तेवढे लांबते. त्यानंतर वर्षभरात अठरा पूर्ण करणारी मुले, अनाथ प्रमाणपत्राचे अर्धवट प्रस्ताव, बालसंगोपन योजनेतल्या राहिलेल्या गृहभेटी. तोंडी ठरलेल्या गोष्टी फायलीत नसतात. त्यासाठी स्वयंपाकाच्या मावशी, वाहनचालक आणि मुले यांना विचारा : ‘ताईंनी तुला काय कबूल केलं होतं?’

मोबाइल घरच्यांचा आहे. पण त्यात मुलांचे फोटो आणि समितीचे आदेश असणार. अधीक्षकांनी घरच्यांना प्रत्यक्ष भेटून, लेखी विनंती करावी आणि त्यांच्यासमोर बसून कामाचा मजकूर कार्यालयाच्या संगणकावर घेऊन फोनमधून काढावा. ‘ते फोटो आम्हाला पाठवून द्या’ असे सांगू नका, त्याने प्रती वाढतात. ताई ज्या गटांच्या ॲडमिन होत्या तिथे दुसरा ॲडमिन नेमल्यावरच त्यांचा क्रमांक काढा.

आणि तो क्रमांक लगेच बंद करू देऊ नका. गृहातून बाहेर पडलेल्या कितीतरी मुलामुलींनी तोच एक क्रमांक पाठ केलेला असतो, आणि अडचणीत आल्यावर रात्री-अपरात्री तो लावला जातो. बंद पडलेला क्रमांक काही महिन्यांनी दुसऱ्याच ग्राहकाला मिळतो. घरच्यांची तयारी असेल तर वर्षभर संस्थेने रिचार्ज करावा, येणारे फोन कार्यालयाच्या क्रमांकावर वळवावेत आणि उचलणाऱ्या व्यक्तीने ताईंची बातमी सांगण्याआधी समोरच्याला विचारावे : ‘तू आत्ता कुठे आहेस? जेवलास का? जवळ कुणी आहे का?’ फोन करणारा अठराच्या आतला असेल आणि धोक्यात असेल तर १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवावे. नाव, वेळ आणि परतीचा क्रमांक वहीत लिहून दुसऱ्या दिवशी आपण होऊन फोन करावा.